तीन नंबरचा कीबोर्ड

२७ नोव्हेंबर १९९६, बुधवार. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याला दोन दिवस झाले होते आणि मी संगणक कक्षात बसून कीबोर्ड पुसत होते. स्पिरिट, कापूस, दात घासायचा जुना ब्रश आणि खाली पसरलेलं वर्तमानपत्र. कीबोर्ड उपडा करून थोपटायचा, खाली काय पडतं ते बघायचं, मग एकेक बटण घासायचं. पेन्सिलीची टोकं, कुरतडलेली नखं, खोडरबराचा चुरा. मला असली कामं आवडतात. हात चालू राहतात आणि डोकं मोकळं राहतं. त्या दिवशी मात्र डोकं मोकळं नव्हतं, कारण तीन नंबरच्या जागी मी नवा कोरा कीबोर्ड पुसत होते आणि त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्याबद्दल लिहायचं आहे, पण त्यासाठी आधीचं सांगायला हवं.

आमची शाळा नौपाड्यात, मराठी माध्यमाची, दुपारची. मी आठवी ते दहावीला गणित शिकवायचे आणि रोज डोंबिवलीहून यायचे. त्या वर्षी जूनमध्ये एका माजी विद्यार्थ्याच्या ऑफिसने त्यांची जुनी सहा मशीनं शाळेला दिली. काळे पडदे, त्यावर हिरवी अक्षरं, पोस्टाच्या पाकिटाएवढ्या फ्लॉप्या. नकाशांची खोली रिकामी करून तिला रंग लावला, कोणीतरी जुना एसी दिला, आणि शाळेत ‘संगणक कक्ष’ झाला. शाळेतली ती एकमेव थंड खोली. पहिल्या महिन्यात इतके पाहुणे येऊन तिथे ‘वा, वा’ म्हणून घाम पुसून गेले की मुलांना बसायला वेळ मिळेना.

कक्षप्रमुख मला केलं. मी मे महिन्यात डोंबिवलीतल्या एका क्लासला तीन आठवडे गेले होते, एवढीच माझी पात्रता. त्या क्लासात बाकी सगळी बारावी झालेली मुलं. ती मला आधी ‘मावशी’ म्हणायची, दुसऱ्या आठवड्यापासून ‘मॅडम’ म्हणायला लागली. मला जे येत होतं ते सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं होतं. वहीत नसलेलं मला येत नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांच्या घरी स्वतःचं मशीन होतं, ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते आणि कक्षावरून जाताना दरवेळी आत डोकावून हसायचे. ‘काही अडलं तर सांगा हं, बाई.’ मी कधीच काही अडलेलं सांगितलं नाही.

मी नियम केले. चपला-बूट बाहेर. मोजेसुद्धा बाहेर. आत पाण्याची बाटली नाही, डबा नाही, खडू नाही. जुन्या पडद्याच्या कापडाची सहा झाकणं मी घरी मशीनवर शिवून आणली. किल्ली माझ्या कमरेला. आणि आत येण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही हात पुढे करायचे, आधी तळवे, मग उलटे. मी एकेकाचे हात बघून आत सोडायचे. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, हे फार आवडलं होतं. ‘शिस्त असावी तर अशी,’ असं त्या पाहुण्यांना सांगायच्या.

पहिली तुकडी नववीच्या अकरा मुलांची. शाळा भरायच्या आधी, अकरा ते पावणेबारा. निवड आठवीच्या गणिताच्या मार्कांवर केली होती, म्हणून त्यात खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आली. निवड माझ्या मनावर असती तर मी तिला घेतलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केले आणि मला वास आला.

‘हे काय गं?’

‘कोलंबी, बाई. सकाळी सोलते ना.’

‘साबण लावून यायचं की नाही?’

‘लावला, बाई. दोनदा.’

‘मग तिसऱ्यांदा लाव. जा.’

रांगेतली मुलं हसली. एका मुलाने नाक दाबून धरलं. मी त्याला बोलले नाही. बोलायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, पावणेबाराला तास संपायचा होता.

त्यानंतर हे दिवसाआड व्हायचं. ती मुलगी काही कुरकुर करायची नाही. तिने स्वतःच उपाय काढला. कंपासपेटीत अर्धं लिंबू ठेवायला लागली. नळावर जाऊन हाताला लिंबू चोळायचं, धुवायचं आणि हात तसेच वर धरून, डॉक्टर ऑपरेशनला निघाल्यासारखी, दारात येऊन उभी राहायची. स्कर्टला पुसायची नाही. स्कर्टला पुसले तर पुन्हा वास लागेल ही भीती. म्हणजे तिचे हात ओले असायचे ते माझ्यामुळे. हे मी नीट लिहून ठेवते, कारण पुढे मी ते वेगळ्या तऱ्हेने सांगितलं.

एका मशीनवर दोघांनी बसायचं होतं. अकरा मुलं म्हटल्यावर एक जण एकटा उरणारच. तो कोण, हे मला ठरवावं लागलं नाही. तीन नंबरवर तिच्याशेजारची खुर्ची रिकामीच राहिली. मला वाटलं, ती हिरमुसली असेल. उलट ती खूश होती. बाकीची मुलं ‘आता माझी पाळी’ म्हणून कोपरं मारत बसायची आणि हिला पाऊण तास अख्खं मशीन.

तेव्हा आम्ही मुलांना पडद्यावर एका लहानशा त्रिकोणाकडून रेघा काढायला शिकवायचो. त्याला कासव म्हणायचे. पन्नास पावलं पुढे जा, नव्वद अंश वळ, असं चार वेळा सांगितलं की चौकोन. त्रिकोण, चौकोन, षट्कोन माझ्या वहीत होते. ऑगस्टमध्ये एकदा तिने हात वर केला.

‘बाई, सात बाजूंचा बंद होत नाही.’

‘सातचा कशाला काढतेस? सहाचा काढ.’

‘सहाचा झाला. सातचा एक्कावन्न अंशांनी वळवला तर शेवटी फट राहते. बावन्न केलं तर रेघ पुढे जाते.’

मी गणिताची बाई. तीनशे साठला सातने भाग जात नाही हे मला चौथीपासून माहीत. पण मशीनला अपूर्णांक दिलेला चालतो का, हे वहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘उगीच वेळ घालवू नकोस. दिलंय तेवढं कर.’ दुसऱ्या दिवशी तिने पाठीमागे न बघताच सांगितलं, ‘बाई, एक्कावन्न पॉइंट चार चालतं.’ पडद्यावर सप्तकोन होता. बारकाईने पाहिलं तरी फट दिसत नव्हती. मी मान डोलावली आणि पुढच्या मशीनकडे गेले. घरी जाऊन मी ते माझ्या वहीत लिहिलं.

मग दसरा आला. दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन असतं. दिवाणखान्याएवढ्या आमच्या सभागृहात पाटीवर एकांची सरस्वती काढली, आरती झाली, मुलांना पेढे वाटले. पूजा आटोपल्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, ‘अहो, कक्षातल्या मशीनांनाही हळद-कुंकू लावून या. खंडेनवमीच आहे. यंत्रंच ती.’

मी ताट घेऊन एकटीच वर गेले. ताटात हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची सहा फुलं आणि वाढवलेल्या नारळाची एक वाटी, तिच्यात थोडं पाणी. माझे यजमान डोंबिवलीच्या एका कारखान्यात. तिथे खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांना बोलावतात. लेथला, ड्रिलला हार घालतात, नारळ फोडतात आणि त्याचं पाणी यंत्रावर शिंपडतात. पंधरा वर्षं मी ते बघत आले होते. यंत्राची पूजा म्हणजे हे असंच, यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. बाटली आत न्यायला मीच बंदी केलेली होती, तेही आठवलं नाही. देवाचं पाणी ते पाणी नव्हेच, असं काहीतरी मनात असणार.

पहिल्या दोन मशीनांवर फुलाने दोन-दोन थेंब शिंपडले. तिसऱ्याला कुंकू लावायला ताट डाव्या हातावर घेतलं, ते कललं आणि नारळाची वाटी घरंगळली. पाणी सरळ कीबोर्डवर. फार नव्हतं, अर्धी वाटी असेल. मी पदराने टिपलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. बटणांवर सांडलेलं कुंकू बोटाने पुसलं. मग झाकण घातलं, कुलूप लावलं आणि खाली येऊन मोठ्या बाईंना म्हटलं, ‘झालं.’

त्यांना तिथेच सांगता आलं असतं. तेव्हा ती नुसती हातून झालेली चूक होती, कोणाच्याही हातून झाली असती अशी. पण विज्ञानाचे सर शेजारीच पेढा खात उभे होते.

सुट्टीनंतर तुकडी बसली आणि तीन नंबरवरून आवाज आला, ‘बाई, बटणं दाबलेलीच राहतात.’ चार-पाच बटणं खाली जाऊन वर येईनात. मी म्हटलं, ‘हळू दाब.’ दोन दिवसांनी तिथे मुंग्या लागल्या. मी भोवती मुंग्यांच्या औषधी खडूची रेघ मारली. आठवडाभराने मशीन सुरू होतानाच किंचाळायला लागलं, तेव्हा कल्याणहून दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं.

तो आला तेव्हा मोठ्या बाईही वर आल्या. त्याने स्क्रू काढून कीबोर्ड उघडला, आत बघितलं, बोट लावून हुंगलं.

‘मॅडम, पाणी गेलंय आत. आणि साधं नाही, चिकट आहे. शहाळं-बिहाळं पितं का कोणी इथे बसून?’

‘शहाळं?’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘अहो, आमच्या बाई मुलांना मोजे घालून आत येऊ देत नाहीत!’

‘मग काय ठाऊक. पण ओल गेलीये. हा आता फेकायचा.’

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. ‘या मशीनवर कोण बसतं?’

मी उत्तर दिलं ते मला शब्दाला शब्द आठवतं. ‘ती नववीतली, कोळीवाड्यातली. एकटीच असते. तिचे हात नेहमी ओले असतात.’

यात एकही शब्द खोटा नाही. मी ते बोलले तेव्हा हाच विचार केला होता, की मी खोटं बोलत नाहीये. बाकीचं मोठ्या बाईंनी स्वतःच जुळवलं. ‘तरीच. मासळीचे हात. चिकट असणारच. तरी मी म्हणत होते, मार्कांवरच निवड करायची तर अशी मुलं येणार.’ दुरुस्तीवाला काहीतरी बोलणार होता, पण त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेचकस पिशवीत टाकला.

तिचं नाव तुकडीतून काढायचं ठरलं. यादी मी वाचून दाखवली, वर्गात, सगळ्यांसमोर, दहा नावं. ती दुसऱ्या बाकावर बसली होती. अकरावं नाव का नाही हे कोणी विचारलं नाही. मागून कोणीतरी ‘कोलंबी’ एवढंच म्हणालं आणि वर्ग हसला. मी डस्टर टेबलावर आपटलं आणि समीकरणं शिकवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत मी चकल्या केल्या, पंखे पुसले, उत्तरपत्रिका तपासल्या. तिची उत्तरपत्रिका आली तेव्हा तिला मिळायचे तेवढे मार्क दिले. त्यात मला कसलंसं समाधानही वाटलं, हे लिहितानासुद्धा अंगावर येतं.

तर ती बुधवारची दुपार. पुसून झालेले कीबोर्ड मी एकेक करून जागेवर ठेवत होते आणि दारातून आवाज आला.

‘गणिताच्या बाई तुमीच ना?’

चाळिशीच्या आसपासची कोळीण. बाजार उरकून आलेली असावी. नऊवारी, डोक्यात अबोलीचा गजरा. चपला तिने मी काही म्हणायच्या आधीच दाराबाहेर काढल्या होत्या. आत मात्र आली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली.

‘तीन नंबरवर बसायची ना, मी तिची आई.’

‘या ना आत.’

‘नको. माजे हात सुके नसतील.’ चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. ‘पोर दोन दिस शालेत येत नाय. तुमाला कलला का नाय, म्हायती नाय.’

मला कळलं होतं. हजेरीला मी तिचं नाव घेऊन पुढे गेले होते.

‘आजारी आहे का?’

‘नाय ओ. चांगली टणटणीत हाय. म्हंते, आता शालेत जात नाय, तुज्यासंगती बाजारात बसते. मी बोल्ले, अगो, तुजा बाप दर्यावर गेला, मी बाजारात बसली, तू तरी दहावी कर. आमच्या घरान कोन दहावी नाय झाला. तं म्हंते, माज्या हातानं मशीन बिघडला, मना समदी कोलंबी बोलतान. बिघडवला असंल तं बिघडवला. पोरच ती. मी काय भांडाय नाय आलं. मी माफी मागाय आलं.’

मी म्हटलं, ‘माफी कशाला.’

‘मागाय नको? एवडी म्हागाची वस्तू. पन बाई, एक इचारू? राग मानू नका.’

‘विचारा.’

‘आमच्या टोपलीतला म्हावरा खराब निंगाला ना, तं आमी पयला इचारताव, शेवटाला कोनाच्या हातान व्हता. धक्क्यावरच्या, टेम्पोवाल्याच्या, का माज्या. तशी पोर सांगते, दसऱ्याच्या आदुगर मशीन बरा व्हता. तिनं काहीतरी सात कोनाचा काडला व्हता, तो बी दाखवला तुमाला. दसऱ्याच्या मागशी पयल्याच दिशी बटना अडकली. मंग मदी कोनाच्या हातान व्हता, एवडाच सांगा. मंजे मी पोरीला सांगन.’

एसी चालू होता. त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला.

मी म्हटलं, ‘मला नाही आठवत.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेच्या किल्लीकडे. बाजारात बसणाऱ्या बाईला माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

‘बरा,’ ती म्हणाली. ‘तुमचे हात सुके हाईत ना? मंग झाला.’

चपला पायात सरकवून ती जिन्याने उतरून गेली. मी तीन नंबरचा नवा कीबोर्ड हातात धरून उभी होते. दुसऱ्या तासाला वर्गावर गेले, तिसऱ्या तासाला गेले. फळ्यावर एक सोपं उदाहरण चुकवलं आणि मुलांनी ते दाखवून दिलं.

घरी यजमानांना मी जेवताना सांगितलं. सगळं, नारळापासून. ते कारखान्यातले, थोडक्यात बोलणारे. त्यांनी भाताला वरण घालून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता कोणाची वाट बघतेस?’

‘बघू,’ मी म्हटलं.

‘आमच्याकडे यंत्र बंद करून मग शिंपडतात,’ ते म्हणाले, ‘आणि ते लोखंडाचं असतं.’ मला त्यांचा रागच आला. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा तीन तास लवकर निघाले. जनरल रजिस्टरमधून पत्ता आदल्या दिवशीच उतरवून घेतला होता. म्हणजे जायचं हे माझं मला आधीच ठाऊक असणार. ठाण्यात बारा वर्षं नोकरी करून मी कोळीवाड्यात एकदाही गेले नव्हते. शाळेपासून चालत वीस मिनिटं. गल्लीत जाळी वाळत घातलेली, एका ओट्यावर दोन बायका बोंबील निवडत बसलेल्या. त्यांना विचारलं तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘शालेच्या बाई काय? जा, शेवटची खोली. पदर सांबाला, पानी हाय खाली.’

दारातच ती मुलगी बसली होती. समोर परातीत कोलंबीचा ढीग, एका बाजूला सोललेली, एका बाजूला सालं. बोटं इतक्या वेगात चालली होती की मला एकेक कोलंबी वेगळी दिसत नव्हती. मला बघून ती उठली आणि हात मागे नेले. ते मला फार लागलं. आत तिची आई टोपलीत बर्फ भरत होती, निघायच्या तयारीत.

‘बसा,’ आई आतूनच म्हणाली. ‘पाट दे गो बाईंना.’

मी बसले नाही. रस्ताभर मी वाक्यं तयार करून आले होते, ‘त्याचं असं झालं’ पासून सुरू होणारी. ती सगळी तिथे निरुपयोगी होती. मी म्हटलं, ‘मशीन तुझ्या हाताने बिघडलं नाही. पूजेच्या दिवशी नारळाचं पाणी माझ्या हातून सांडलं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही आणि नाव तुझं घेतलं.’

तिने मान खाली घातली. मला वाटलं, रडेल. पण ती म्हणाली, ‘मला म्हायती होतं, बाई.’

‘काय माहीत होतं?’

‘बटणांच्या फटीत कुंकू होतं. आणि एक तांदूळ, पिवळा. सुट्टीवरून आलो त्या दिवशीच दिसला. मी कर्कटकाने काढून टाकला.’

‘मग तू बोलली का नाहीस?’

‘तुम्ही सांगाल असं वाटलं.’ मग परातीकडे बघत, ‘ते दुरुस्तीवाले आले तेव्हा तरी सांगाल.’

आतला बर्फाचा आवाज थांबला होता. आई टोपली कमरेवर घेऊन दारात आली. तिने आधी मुलीकडे पाहिलं. ‘अगो, तुला ठावं व्हता नि तू मना शालेत पाठवलीस माफी मागाय?’

‘मी नाय पाठवलं. तूच गेलीस.’

‘गप बस.’ मग माझ्याकडे वळून, ‘हितं येऊन सांगितला, बरा केला. पन बाई, आमी काय कोनाला बोललू व्हतू? बोल्ले तुमी. जिथं बोल्ले तिथं जाऊन बोला. मना गिऱ्हाईक हाय.’ आणि ती मला ओलांडून गल्लीत निघून गेली. ओट्यावरच्या बायकांनी तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं आणि तिघी हसल्या. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी त्या हसण्याला पात्र होते.

मी मुलीला म्हटलं, ‘चल, शाळेत येतेस?’

‘मोठ्या बाईंना सांगणार?’

‘हो.’

‘आत्ता?’

‘आत्ता.’

तिने उरलेल्या कोलंबीकडे पाहिलं, परात आत नेली, झाकली. साबणाने हात धुतले, एकदाच. पुसले, टॉवेलला, कोरडे. युनिफॉर्म चढवून बाहेर आली. मी तिच्यासाठी थांबले होते, पण ती म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे, बाई. मी मागून येते.’ माझ्याबरोबर चालायचं तिला नव्हतं. मी पुढे चालत राहिले. दोन वेळा मागे वळून पाहिलं, ती अंतर राखून येत होती.

साडेदहाला मोठ्या बाई आल्या. त्यांनी पर्स टेबलावर ठेवायच्या आत मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘बसा की, एवढ्या सकाळी?’ विज्ञानाचे सर सही करायला मस्टर उघडून उभे होते. त्यांनी जायला पाऊल उचललं, मी म्हटलं, ‘थांबा सर, तुम्हीही ऐका.’ शिपाई दार ओढून घ्यायला लागला, त्याला म्हटलं, राहू दे उघडं. बाहेर व्हरांड्यात ती मुलगी खांबाजवळ येऊन थांबली होती. तिथपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, वर्गात सांगते तशा आवाजात, मी सांगितलं की तीन नंबरचा कीबोर्ड माझ्या हातून बिघडला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि अकरा वाजता तुकडीसमोर मी हेच पुन्हा सांगणार आहे.